हातांचा कॉलम

क्षितिज : ...म्हणून एकूण गुणांत डाय-कट पहिला. बघ, एक्सेलमध्ये रंगसुद्धा दिलाय.

वरदा : गुलाबी! ऑफिसात एवढं मन लावून करतोस का रे?

क्षितिज : चेष्टा पुरे. डिझाइनची सीडी पोचलीय छापखान्यात. लेबलं कशी कापायची ते पाचच्या आत सांगायचंय. शुक्रवारपर्यंत तुझा गुळांबा हरीशभाईंच्या दुकानात गेला नाही, तर ते शेल्फवरची तुझी जागा दुसऱ्या कुणाला देतील.

वरदा : माहितेय. मागच्या खेपेला तू कात्रीने कापलेली लेबलं बघून त्यांनी मला विचारलं, "बेन, नर्सरीतल्या मुलांनी कापली का?"

सुप्रभा : दोनच तर प्रकार आहेत ना? मग सकाळपासून काय चाललंय तुम्हा नवरा-बायकोचं?

क्षितिज : डाय-कट की किस-कट, आई.

सुप्रभा : कीस कट? गुळांब्यात कैरीचा कीसच असतो. तो परत कापायचा कशाला?

वरदा : तो कीस नव्हे, आई. इंग्रजीतला.

सुप्रभा : अगंबाई! बरणीवर?

क्षितिज : नाही गं! पातं नुसतं टेकतं. वरचं लेबल कापलं जातं, खालचा कागद अख्खा राहतो. एका पानावर वीस लेबलं. डाय-कटमध्ये पातं आरपार जातं, एकेक लेबल सुटं मिळतं.

सुप्रभा : टेकतं म्हणून किस! छापखान्यात कामं नसतात वाटतं.

क्षितिज : सुटी लेबलं डब्यात नीट रचता येतात. प्रोफेशनल वाटतं.

वरदा : आजवर किती बरण्यांना लेबल लावलंस?

क्षितिज : मी प्रोसेस बघतो.

वरदा : ऑफिसला जाता-येता, मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये सीटवर बसून.

सुप्रभा : दमतो गं तो.

वरदा : हो ना. मी काय, दिवसभर नुसती किसत बसते. क्षितिज, स्वरालीला घे माझ्या कडेवरून.

क्षितिज : आत्ता? पेंगुळलीय ती.

वरदा : म्हणूनच. खाली ठेवलीस की भोकाड पसरेल. डाव्या हातावर घे. हं. ही बरणी, हे डाय-कटचं सँपल. लाव.

क्षितिज : एका हाताने?

वरदा : मला कुणी तिसरा दिलाय?

क्षितिज : मागचा कागद सुटतच नाही... नखाने बघतो... थांब हं...

सुप्रभा : अरे, दात काय लावतोस! शी!

वरदा : लिही. एक्सेलमध्ये 'दात' असा नवा कॉलम टाक.

क्षितिज : निघालं! बरणीवर... छे, अंगठ्यालाच चिकटलं.

वरदा : प्रोफेशनल दिसतोय अंगठा.

क्षितिज : दुसरं दे.

वरदा : हे किस-कटचं. पान टेबलावरच राहू दे. कडेला थोडं वाकव.

क्षितिज : आलं की! नुसत्या बोटाने आलं. आणि सरळ लागलं. ...वरदा, मागच्या ऐंशी बरण्या?

वरदा : सुटी लेबलं कापून दिली होतीस ना तू?

क्षितिज : म्हणजे सगळी दाताने?

वरदा : हरीशभाईंना सांगू नकोस.

सुप्रभा : मी इथेच होते की गं. हाक मारायचीस.

वरदा : तुम्ही म्हणाला होतात, सुनेचा धंदा सुनेने बघावा.

सुप्रभा : ...म्हणाले होते खरी. आण रे तिला इकडे.

क्षितिज : नको आई, डोळा लागलाय. हलवली तर उठेल. वरदा, फोन कर तू. किस-कटच सांग.

वरदा : करते. पाचला वेळ आहे. तू असाच उभा राहा जरा.

सुप्रभा : अगं, तो सकाळचा चहा! पार गार झालाय. दे, गरम करून देते.

वरदा : असू द्या, आई. दोन्ही हातांत धरता येतोय.