इथली माणसं एकदाच विचारतात

...आणि चाकू खाली ठेवला हो तिनं! म्हणजे तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांदेखत केकवर जाळीचं झाकण घातलं, चाकू पुसला आणि ड्रॉवरमध्ये टाकला! का? तर मी 'नको' म्हणालो म्हणून! अहो, 'नको' म्हणालो म्हणजे काय खरंच नको होतं? एकोणीस तासांचा प्रवास, विमानातलं ते रबरासारखं काहीतरी अर्धवट टाकलेलं, पोटात कावळे कोकलतायत, समोर नाशपातीचा केक, वरची साखर तडतडून सोनेरी झालेली... कुणाला नको असेल? पण दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आधी नको म्हणायचं, मग त्यांनी 'असं कसं, थोडा तरी' म्हणायचं, मग आपण 'नाही हो, आत्ताच झालंय' म्हणायचं, मग त्यांनी जरा रुसायचं, मग आपण 'बरं, तुमचं मन मोडवत नाही' म्हणून तीन तुकडे हाणायचे! हे मला काय शाळेत शिकवलं? बाळकडूच ते! आणि ही आमची घरमालकीण, खालच्या मजल्यावरची आजी, सत्तरीची, स्वभावानं लोणी... ती विचारते, 'घेणार?', मी म्हणतो, 'नको नको', आणि ती म्हणते, 'बरं.' बरं काय? पुढचं कुठाय? तुम्हाला सांगतो, इथली माणसं एकदाच विचारतात!

आणि आमची ही! बायको माझी! 'हो, आवडेल की' म्हणाली आणि बसली चवीचवीनं खात. हिला ऑफिसातल्यांनी आधीच फोनवर पढवून ठेवलं होतं, आणि नवऱ्याला सांगायचं राहिलं म्हणे. राहिलं! मी आपला शेजारी बसून भिंतीवरचं घड्याळ बघतोय.

मुळात आलो मी हिच्यापायी. ही पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मोठी बाई, तीन वर्षांसाठी इकडे बोलावणं आलं. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, म्हटलं सोडून देऊ, तू मिळव, मी वरणभात करतो. तर ती तीन वर्षं आता संपली. आणि गेल्या सोमवारी हिच्या साहेबीणबाईंनी विचारलं, अजून दोन वर्षं राहता का, शुक्रवारपर्यंत सांगा. कितीदा विचारलं असेल? एकदाच! आणि खरं सांगू? कुणाला सांगू नका, पण मला राहायचं होतं. अगदी आतून राहायचं होतं. का, ते ऐका.

आता नळवाल्याचंच घ्या. मोरीतला नळ गळायला लागला, फोन केला, तो म्हणाला, 'मंगळवारी दहाला येतो.' आता आपण काय समजतो? मंगळवारी दहा म्हणजे बुधवार दुपार, फार तर गुरुवार. मी निवांत! मंगळवारी दहाला बनियनवर, तोंडाला साबण, एका गालाची दाढी झालेली... आणि घंटा वाजली! दहाला! घड्याळाचा काटा अजून हलतोय! दारात हा सहा फुटी गडी, बूट काढायच्या तयारीत. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं. अहो, माणूस म्हणतो दहा आणि येतो दहाला, हे सुख तुम्हाला कळतंय का? मंडईतली भाजीवाली स्वतःहून सांगते, 'आज टोमॅटो घेऊ नका, पाणचट आहेत.' स्वतःच्या टोमॅटोला! बसमध्ये चढलो, रस्ता चुकलोय म्हटलं, तर बसवाला म्हणाला, 'मला नक्की माहीत नाही.' माहीत नाही म्हणाला हो! आपल्याकडे कुणी म्हणेल? सरळ पुढे जा, डावीकडे वळा, कुणालाही विचारा... आणि पाठवतील तुम्हाला स्मशानात! इथं 'हो' म्हणजे हो, 'नाही' म्हणजे नाही. माणसाच्या बोलण्यामागे दुसरं बोलणंच नाही. किती हलकं वाटतं सांगू?

पण सवय जाते का? त्या नळवाल्याला मी जेवायला बसवलं. काम अर्धं झालेलं, वाजलेला एक, म्हटलं उपाशी कसं ठेवायचं? पोळ्या, बटाट्याची भाजी, वरणभात, खीर. जेवला बिचारा. म्हणाला, 'पुरे, पोट भरलं.' मी वाढली पोळी. 'नको, खरंच.' मी म्हटलं, वा, पठ्ठ्या आता रंगात आला! घातला भात. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघून हसतोय. 'नको' म्हणाला की वाढायचं, हा आपला धर्म, आणि ताटात पडलेलं संपवायचं, हा बहुतेक त्याचा! खिरीची तिसरी वाटी खाली ठेवली आणि गडी उठला, मोरीपाशी गेला, वाकायला लागला... वाकेना! अर्ध्यात अडकला! तिथंच भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, 'मी नको म्हणालो होतो.' रागानं नाही हो, कुतूहलानं. 'तुम्हाला ऐकू आलं नाही का?' काय सांगणार? म्हटलं, 'आलं, पण पहिलं ऐकू आलेलं आम्ही धरत नाही.' नळ शुक्रवारी दुरुस्त झाला. दहाला आला आणि दारातच म्हणाला, 'मी जेवून आलोय.' आणि मी? जीभ चावली, पण विचारलं नाही. शिकलो! इथली माणसं एकदाच विचारतात, आणि एकदाच ऐकायचं असतं.

शिकलो म्हणतो, पण खरा दणका बसला तो पाववालीकडे. कोपऱ्यावर तिचं दुकान, पहाटे भट्टी लागली की अख्खी गल्ली वासानं जागी होते, नुसत्या वासावर माणूस दोन जिने उतरतो. दुकानाबाहेर काळा फळा, आज काय काय केलंय ते लिहायला. मी रांगेत उभा राहून कागदी पिशवीवर आपलं काहीतरी रेखाटत बसायचो. एकदा तिनं बघितलं. म्हणाली, 'रोज सकाळी माझ्या फळ्यावर चित्र काढाल?' अहो, काळीज असं उडालं! तीस वर्षं पोरांना फुलदाण्या काढायला लावल्या, आणि मला कुणी कधी विचारलंय 'तुम्ही काढाल का'? आणि मी काय म्हणालो? सांगा, काय म्हणालो असेन? 'छे छे! नको नको! माझं कसलं आलंय चित्र!' आणि थांबलो. ती 'असं काय मास्तर' म्हणेल म्हणून थांबलो. ती म्हणाली, 'बरं. पुढचे कोण?'

दुसऱ्या दिवशी औषधवाल्याच्या बायकोनं काढलेलं चित्र फळ्यावर. पाव म्हणे तो! जुनी चप्पल होती हो, अंगठा शिवायचा तेवढा बाकी! अकरा दिवस मी त्या चपलेसमोरून येत-जात होतो. अन्न गोड लागेना. बाराव्या दिवशी आरशासमोर उभा राहून 'हो' म्हणायचा सराव केला. हसू नका! 'हो. हो. हो, काढतो.' गेलो दुकानात. म्हटलं, 'त्या दिवशी मी नको म्हणालो ना, ते हो होतं.' तिनं पिठाचे हात थांबवले. 'मग हो का नाही म्हणालात?' आता तिला बाळकडूचं कुठून सांगू? म्हणाली, 'काढाल?' 'हो!' इतक्या जोरात ओरडलो की मागची बाई दचकली.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मी, खडू आणि फळा. शाळेत जाणारी पोरं थांबतात, बसवाला खिडकीतून मान काढून बघतो, आजी काठी टेकत येते आणि सांगते, 'कालचं बरं होतं, आजचं ठीक.' ठीक म्हणजे ठीक! आणि ज्या दिवशी 'सुंदर' म्हणते त्या दिवशी मी घरी तरंगत जातो, कारण ते खरं असतं. तीस वर्षांत मला मिळालं नाही ते इथं मिळालं. मग सांगा, का नको राहू मी?

तर बुधवारी संध्याकाळी. ही ताटं पुसतेय, पाठमोरी. म्हणाली, 'अहो, मग काय करायचं? राहायचं का दोन वर्षं?' मी श्वास घ्यायलाही थांबलो नाही. 'हो!' अडीच वर्षांचा सराव हो! ही म्हणाली, 'बरं,' आणि तेच ताट परत पुसायला लागली. कोरडं ताट.

आता इथला कुणी असता तर विषय संपला होता. हो ना? 'हो' म्हणालो, 'बरं' म्हणाली, मिटलं! पण माझी जीभ... 'तुलाही राहायचंय ना?' 'हो तर! तुमचं किती छान चाललंय.' तुमचं! ऐकलंत? तिथंच दात आवळून बसायला हवं होतं मी. परत विचारलं, 'तुला जायचंय का?' 'नको नको, कशाला! काहीतरीच तुमचं.'

नको नको! अहो, हे 'नको नको' मी लाखात ओळखेन, मीच ते घेऊन आलो होतो त्या केकसमोर! गप्प बसायचं ना? उठायचं, फिरायला जायचं, शुक्रवार होऊ द्यायचा! पण समोर पाठ दिसतेय, ताट फिरतंय, आणि सदतीस वर्षांचा संसार... विचारलं तिसऱ्यांदा. 'खरं सांग गं.' तेव्हा ताट खाली ठेवलं. म्हणाली, 'लेकीला सातवा लागलाय. फोनवर म्हणते, आई, नको गं येऊस, आम्ही करू सगळं.' आणि पदरानं डोळे पुसले.

लेकही 'नको'च म्हणाली होती! आमच्या घरातलं एक माणूस पहिल्या खेपेला खरं बोलेल तर शपथ! दुसऱ्या दिवशी हिनं साहेबीणबाईंना सांगितलं, नाही जमणार. त्या म्हणाल्या, 'बरं.' पाववालीला मी सांगितलं. तिचा चेहरा पडला, डोळे भरले, मला घट्ट मिठी मारली, पण राहा म्हणाली का? नाही! तिनं एकदाच विचारलं, 'नक्की जाताय?' आणि मी, मूर्ख माणूस, म्हणालो, 'हो.'

काय सांगू तुम्हाला... इथली माणसं एकदाच विचारतात. मीही एकदा विचारून थांबलो असतो, तर आज फळ्यावर पाव काढत बसलो असतो. तीनदा विचारलं, आता खोकी बांधतोय.