छाटलेला देठ

आत्या : भिंतीवर नको. खाली ठेव तो फोटो.

भाचा : अगं, पहिलं बक्षीस मिळालंय या फोटोला! तुझ्याच वेलीवरचं बुलबुलाचं घरटं. पिल्लांच्या चोची बघ कशा उघड्यात. खिळा कुठाय?

आत्या : शी! बघवत नाही. कोपऱ्यात हे पांढरं काय दिसतंय?

भाचा : कुठे? हां... असेल कुठलातरी देठ.

आत्या : छाटलेला देठ. चीकसुद्धा ओला आहे अजून. पानं वाऱ्याने झडली म्हणाला होतास ना?

भाचा : सावली पडत होती गं घरट्यावर. दोन-चार पानं काढली तर काय आभाळ कोसळलं?

आत्या : आभाळ नाही, उघड्या पडलेल्या घरट्यावर कावळा कोसळला. दुसऱ्या दिवशी पायरीवर मुंग्या लागलेला पिल्लाचा इवलासा पाय पडला होता. मी कागदावर उचलला. तू नाक दाबून आत पळालास.

भाचा : निसर्ग आहे, आत्या. कावळ्यालाही पोट आहे.

आत्या : कावळ्यावर माझा राग नाहीच. तो भुकेला तरी होता. किळस येतेय ती तुझी. मी रडत होते, मीच बुलबुलांसाठी ठेवलेल्या केळ्याच्या फोडींमुळे कावळा बागेत आला म्हणून. तेव्हा काय म्हणालास?

भाचा : आता कुठे आठवतंय...

आत्या : म्हणालास, 'जाऊ दे आत्या, यापुढे खायला ठेवू नकोस.' वर साळसूदपणे पाठीवरून हात फिरवलास! तेव्हापासून ती फोडींची ताटली कपाटात पालथी आहे. बुलबुल कठड्यावर येऊन ओरडायचे, आणि मी चोरासारखी खिडकी लावून घ्यायचे.

भाचा : तुला आणखी वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

आत्या : कोडगा आहेस नुसता. तो हात आठवला तरी अंगावर काटा येतो.

भाचा : बरं, चुकलो. कान पकडतो, झालं?... ए, तो बघ बुलबुल! चोचीत काडी आहे. नवीन घरटं! कुठे बांधतोय गं?

आत्या : मला नाही माहीत.

भाचा : कुंपणाकडे वळला बहुतेक. जरा सरक ना, कॅमेरा—

आत्या : पिशवीत घाल तो.

(कपाट उघडल्याचा आवाज. मग नळाचा.)

भाचा : नुसतं बघतो गं, आत्या. शप्पथ.

आत्या : बघायला मी आहे. तू खिडकीकडे पाठ करून बस, चहा संपव आणि नीघ. मला केळं कापायचंय.