नानांचं दही

निरोप द्यायला विमानतळासारखी वाईट जागा नाही, राव. चाकणचे आमचे शेजारी नाना मुलाला सोडायला निघाले, मी पेपरचा बातमीदार, मलाही सोबत घेतलं. गणेश जर्मनीला नोकरीला चाललेला. नानांच्या मांडीवर दह्याचा डबा.

मी म्हटलं, "घरीच हातावर द्यायचं की."

"न्हाई, अगदी निघताना द्यायचं असतं."

दारात गणेश म्हणाला, "थांबा, बॅग ठेवून आलो." एसटीत जागा धरून खाली उतरतात ना, तसं. पण बॅग दिल्यावर त्याला बाहेर सोडेनात.

मी दारावरच्या जवानाशी भांडलो. "पूर्वी प्लॅटफॉर्मसारखं तिकीट काढून आम्ही आत काचेपर्यंत जायचो! बापाला दोन मिनिटं सोडलं तर विमान पडेल का?"

"साहब, ऑर्डर है."

गणेशचा फोन आला. "नाना, तुम्ही निघा आता."

"व्हय, निघतो," नाना म्हणाले आणि तिथंच उभे राहिले.

परतताना डबा तसाच मांडीवर. चाकण आल्यावर म्हणाले, "तुमी छापलं व्हतं, इमानतळ आपल्याकडंच व्हणार. न्हाई झालं, बरं झालं. आपल्याच रानात आपल्याला दाराबाहेर उभं केलं असतं."