चारशे बारावा दिवस

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन भाऊ बसले होते. त्यांच्या आईला नुकतंच ऑपरेशनला आत नेलं होतं आणि तिचा फोन थोरल्याच्या हातात होता.

"दादा, तू चक्क फळं जुळवतोयस? असल्या पोरखेळांनीच खऱ्या गेमची वाट लावली, असं तूच म्हणायचास ना?"

"अजूनही म्हणतो. आपल्या गेमचा पुढचा भाग काढायचा सोडून कंपनी आता हेच काढत बसलीय. यात काय कस लागतो?"

"लहानपणी त्यात शेवटच्या राक्षसापर्यंत पोचायला आपल्याला तीन दिवस लागले होते."

"लागणारच. सेव्ह करायची सोय कुठे होती? टीव्हीला जोडलेलं ते मशीन बंद झालं की पुन्हा पहिल्यापासून."

"आणि मधे आपली शाळा!"

"तेवढा वेळ आई चालू मशीनची राखण करायची. मशीन तापलं की पुठ्ठ्यानं वारा घालायची. बाबांनी एकदा बटणाला हात लावला, तर केवढी कडाडली होती त्यांच्यावर!"

"तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं."

"पोरांची मेहनत वाया जाऊ द्यायची नाही, एवढं कळत होतं."

"बरं, पण तू हे का खेळतोयस?"

"रोज एक डाव जिंकला नाही, तर आईचे सलग जिंकलेले दिवस पुन्हा एकपासून सुरू होतात. आज चारशे बारावा आहे. आणि डॉक्टर म्हणालेत, आठवडाभर फोन बघायचा नाही."

"म्हणजे आठवडाभर तू खेळणार?"

"तूसुद्धा. ही द्राक्षं मला काही केल्या जमत नाहीयेत. धर, पण जपून. एकच लाइफ उरलीय."