आवाज नसलेली गाडी

— नाही, नाही, थांबा जरा, आधी शटर पूर्ण वर जाऊ दे, मग आत पाऊल टाका. हां, आता या. जड आहे ना? रोज उघडत नाही कुणी, म्हणून. मी पलीकडची, ही भिंत दोघांत मिळून एकच आहे — इकडे यांचं गॅरेज, तिकडे माझं स्वयंपाकघर. वहिनी दाताच्या दवाखान्यात गेल्यात, साडेपाचपर्यंत येतील, आणि किल्ली माझ्या हातात देताना बजावून गेल्यात — "गाडी दाखवा, हवं तर बसू द्या, पण बाकी एक अक्षर बोलू नका." म्हणजे बघा, मला सांगतात! आमचे हे तर हसायलाच लागले, म्हणाले, मांजराला दुधाची राखण दिलीय. तुमचं हसू होतंय पण मला खरंच काही बोलायचं नाहीये. तुम्ही गाडी बघा. मी आपली इथे उभी राहते.

केवढं धूड आहे, बघताय ना. सात माणसं मांडी न आवळता बसतात, वर सामान वेगळं. आणि तुम्हाला वाटेल, हत्ती पाळायचा म्हणजे चाराही हत्तीचाच लागणार — तर नाही! लिटरला एकवीस. हो, एकवीस. भुवया उंचावू नका, भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, खोटं बोलणारे नव्हते, निदान ह्या बाबतीत तरी नव्हते. रोज फिरवून आणली की ह्या भिंतीवरून ओरडायचे, "शेजारीणबाई, आज एकवीस!" — एखाद्या पोराने शाळेतून गुण सांगत यावं तसं. एकदा तेवीस पडले तर मला घराबाहेर बोलावून तो आकडा दाखवला, मी पीठ लागलेल्या हातांनी उभी. मला काय कळतंय त्यातलं! पण ऐकून ऐकून पाठ झालं — गर्दीत हळू चालली की बॅटरीवर चालते, जोर लागला की इंजिन मदतीला येतं, उताराला ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद परत बॅटरीत भरते. ते म्हणायचे, ही गाडी म्हणजे काटकसरी सून आहे, उरलंसुरलं काही टाकत नाही. वहिनी लगेच म्हणायच्या, सुनेचं कौतुक आहे, बायकोचं कधी केलं नाहीत.

तीस वर्षं ट्रक चालवला हो त्यांनी. मोठा, सोळा चाकांचा. लिटरला तीन-साडेतीन देणारा, आणि आवाज असा की ते गल्लीत वळले की माझ्या मांडणीतली भांडी वाजायची. ते गाडी डोळ्यांनी नाही, कानांनी चालवायचे — इंजिन जरा बेसूर झालं की अर्ध्या रस्त्यात उतरून बघणार. त्या इंजिनानेच कान खाल्ले त्यांचे. डावा तर पार गेलेला, उजव्याने जेमतेम. शेवटच्या वर्षी त्यांच्या मालकाने नवे ट्रक आणले, असेच, निम्मे बॅटरीवरचे, डिझेल वाचवणारे. शिकवायला एक तरणाताठा मुलगा आला, म्हणाला, काका, आता ऐकायचं नाही, ह्या पडद्याकडे बघायचं. भाऊजी घरी येऊन तावातावाने सांगत होते — पडद्याकडे बघू तर रस्त्याकडे कोण बघणार, ह्याचा बाप? पण गंमत बघा, निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी घेतली ती हीच. माणूस कसा असतो!

आता का विकताहेत म्हणता? — का म्हणजे, चालवणारा नाही राहिला. वहिनींना गाडी येत नाही, लेक परगावी. पाच महिने झाले. नाही, आजारी नव्हते. अचानकच. — ती शीट अशी मागे ढकलता येते बघा, पूर्ण आडवी होते. स्वच्छ आहे, मी स्वतः पुसलीय, दोनदा. तुम्ही हात का काढून घेतलात? बसा की. बसून बघितल्याशिवाय कसं कळणार?

दाबलंत बटण? बरं, आता सांगा मला, काय ऐकू येतंय? काही नाही ना? आता मला सांगा, गाडी चालू आहे की बंद? — बघा, तुम्हीसुद्धा बंद म्हणालात. चालू आहे ती! तो हिरवा दिवा दिसतोय का, स्टीअरिंगच्या मागे, छोटासा? तो आहे तोवर ती जागी आहे. गप्प बसलीय, पण जागी आहे. नीट बघून ठेवा तो दिवा. — बंद करा. नाही, आत्ताच बंद करा. शटर उघडं आहे ते मला दिसतंय, तरी बंद करा, आधी बंद करा मग सांगते. गेला का दिवा? नक्की गेला? हां.

मी बोलणार नव्हते. पण तुमच्या घरात लहान मुलं आहेत म्हणालात मघाशी, आणि मी तुम्हाला न सांगता किल्ली दिली तर माझ्यासारखी पापीण मीच. ऐका. भाऊजींना दुपारी ह्या गाडीत बसायची सवय लागली होती. घरात उकडायचं, पाठ दुखायची, आणि ही शीट अशी आडवी होणारी, वर गार हवा. इंजिन बंद आणि गार हवा चालू — ह्याचं त्यांना केवढं अप्रूप! ट्रकमध्ये उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं ते. तास-दोन तास झोपायचे इथे. त्यांना वाटायचं, सगळं बॅटरीवर चाललंय, इंजिन झोपलंय. पण बॅटरी काय समुद्र आहे का? ती उतरली की इंजिन आपलं आपण उठतं, पाच-सात मिनिटं चालून तिला भरतं, आणि परत गप्प. कुणी सांगावं लागत नाही. ट्रकच्या इंजिनासारखं गरजत नाही, हलकंसं घुरघुरतं. त्यांचे कान गेलेले, त्यात झोप लागलेली — त्यांना ते कधी ऐकूच आलं नाही. शटर उघडं असायचं तोवर काही बिघडलं नाही, धूर आपला बाहेर. त्या दिवशी शटर खाली होतं. धूरही असा की दिसत नाही, वास जवळजवळ नाही. झोपेतच गेले. वहिनी पाच वाजता आल्या, शटर उचललं, तर गाडी गप्प उभी, आत हे झोपलेले. त्या "अहो, चहा ठेवू का" म्हणून दोनदा हाका मारत होत्या.

चौकशीला आलेल्या माणसाने नंतर सगळं उलगडून सांगितलं. आधी तर लोक भलतंसलतं बोलायला लागले होते, की शटर लावून मुद्दाम — मी एकेकाला झाडलं. एकवीस पडले म्हणून नाचणारा माणूस मुद्दाम काही करतो का? नातवंडाच्या वाढदिवसाला जायची तयारी चालली होती त्यांची!

शटर का खाली होतं? — ते… उन्हामुळे असेल. झळ येते ना आत.

नाही. कशाला उगाच. माझ्यामुळे होतं. आता निघालंच आहे तर ऐका. दोन दिवस आधी मी वहिनींना आपलं गमतीत म्हटलं, अहो, भाऊजींनी तुमच्याशी काडीमोड घेऊन गाडीशी संसार थाटलाय, येणारे-जाणारे बघतात, पाय वर करून घोरत असतात. गमतीतच हो! पण वहिनींनी ते घरात बोलून दाखवलं आणि भाऊजींना लागलं. ह्याच दारात उभे राहून मला म्हणाले, "शेजारीणबाई, तुमचं नाक भिंतीतून आमच्या घरात येतं, ते जरा तुमच्याकडेच ठेवा." चार माणसांत म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी धाडकन शटर खाली. मीही काही कमी नाही, मनात म्हटलं, राहिलं! यापुढे तुमच्या घराला आग लागली तरी वळून बघणार नाही. — असं म्हणतो हो माणूस. सगळेच म्हणतात. खरं व्हावं म्हणून म्हणतो का कुणी?

सात वेळा उठलं इंजिन. पहिल्यांदा उठलं ते साडेबाराच्या सुमाराला, मग थांबलं, मग परत. चौथ्या वेळेपर्यंत —

मला कसं माहीत म्हणजे?

…

भिंत एकच आहे, सांगितलं ना मी. पलीकडे माझा ओटा आहे. मी भांडी घासत होते. रोजच ऐकायचे मी ते, आधीपासून. त्यांना जे ऐकू येत नव्हतं ते मला भिंतीतून स्वच्छ ऐकू यायचं — सुरू, बंद, सुरू, बंद — मला वाटायचं, तेच करत असतील बटण दाबून, काहीतरी चाळा. कधी विचारलं नाही. सगळ्या गल्लीला नको ते प्रश्न विचारते मी, हा एक नाही विचारला. आणि त्या दिवशी शटर खाली आहे हेही मला माहीत होतं, येताना बघितलं होतं की. पाय दारापर्यंत गेले होते हो माझे. देवाशप्पथ गेले होते. मग ते नाकाचं आठवलं आणि परत फिरले. म्हटलं, नको, पुन्हा चार माणसांत अपमान नको.

एवढंच नाही. वर बघा, तो झरोका दिसतोय? जाळीचा? तो माझ्या ओट्यावर उघडतो. अडीच वाजता माझं डोकं दुखायला लागलं. कसं म्हणजे, घण घातल्यासारखं, आणि मळमळ. मला वाटलं त्यांच्या गाडीची गरम हवा येतेय माझ्या घरात. स्टुलावर चढले, जुनं फडकं घेतलं, आणि त्या झरोक्यात बोळा कोंबला. चांगला घट्ट, बोटाने दाबून दाबून. वर मोठ्याने म्हटलं, घ्या, आता माझं नाकही येणार नाही आणि तुमचा धूरही येणार नाही. मग आत जाऊन पडले. संध्याकाळी वहिनींची किंकाळी ऐकून जाग आली.

बोळा मी त्याच रात्री काढला. फडकं जाळलं. कुणी विचारलं तर मी त्या दुपारी झोपले होते. चौकशीवाल्यांना तेच सांगितलं, ह्यांनाही तेच. ज्या बाईच्या पोटात तीळ भिजत नाही, तिने पाच महिने हे धरून ठेवलंय, आणि आज कुणाला सांगितलं तर गाडी बघायला आलेल्या परक्या माणसाला. मला तुमचं नावही ठाऊक नाही.

वहिनी त्या दिवसापासून माझ्याकडेच झोपतात. इथे, ह्या घरात, गाडी असेपर्यंत त्यांच्याने पाठ टेकवत नाही. मीच म्हटलं, या, बहिणीसारख्या राहा. आणि रोज दिवा मालवला की त्या अंधारात एकच विचारतात — "तुम्हाला काही ऐकू आलं नव्हतं ना हो? तुमचं तर सगळीकडे लक्ष असतं." चिडून नाही. आपलं साधं, हळू आवाजात. आणि मी म्हणते, नाही हो वहिनी, डोळा लागला होता माझा. मग त्या माझा हात थोपटतात. माझा! त्या मला धीर देतात की वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही तरी काय करणार होतात.

तुम्ही घेतलीत ना गाडी, तर त्या रविवारी लेकीकडे जाणार, कायमच्या. बॅग भरून ठेवलीय. मी देव पाण्यात घालून बसले होते, की गिऱ्हाईक येऊ दे, गाडी जाऊ दे, तो प्रश्न एकदाचा थांबू दे. आणि आता तुम्ही आत बसलात तेव्हा वाटलं, तुम्ही नाही म्हणावं. त्या गेल्या की विचारणार कोण? रोज रात्री मी नाही म्हणते खरी, पण रोज रात्री वाटतं, आज हो म्हणेन. एकदा गेल्या की तेही संपलं.

काय म्हणालात? किती वाजता?… डॉक्टर म्हणाले, तीन, फार तर साडेतीन. हो. बोळा अडीचला. हिशेब मी केलाय हो, तुम्ही नका करू. पाच महिने दुसरं काही केलेलं नाही मी.

असे नका बघू माझ्याकडे. गाडी चांगली आहे, तिचा काही दोष नाही, फक्त तो हिरवा दिवा — बायकोलाही दाखवा, मुलांनाही दाखवा. घ्यायची असेल तर संध्याकाळी वहिनींना फोन करा. त्यांना काय सांगायचं… नाही, काही सांगू नका. तो तुमचा विषय नाही, माझा आहे.

किल्ली द्या इकडे. आणि निघा तुम्ही आता. फाटकाशी त्याच उभ्या आहेत वाटतं, लवकर आल्या आज. निघा ना हो, निघा म्हणते ना. मला त्यांच्याशी बोलायचंय.