कंपनी बदलली, औषध तेच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉक्टरसाहेब. वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आरोग्य खात्याचे उपसंचालकसाहेब. व्यासपीठावर माझ्या शेजारी बसून मघापासून डोळे पुसणाऱ्या मेट्रन मॅडम. समोरच्या माझ्या सिस्टर मैत्रिणी, ब्रदर, वॉर्डबॉय, मावशी, स्वयंपाकघरातली मंडळी. आणि मागच्या दोन रांगांत बसलेले आमचे पुरुष वॉर्डातले रुग्ण, ज्यांना आज एक दिवस गणवेशाऐवजी घरचे कपडे मिळाले म्हणून ते माझ्यापेक्षाही जास्त खूश दिसताहेत. आपल्या सर्वांना नमस्कार.

माझ्याआधी सात जण बोलले. सातही जणांनी माझं इतकं कौतुक केलं की मध्येच मला शंका आली, आपण निवृत्त होतोय की वारलोय. माणूस गेल्याशिवाय त्याच्याबद्दल एवढं चांगलं कोणी बोलत नाही. मानपत्र छान लिहिलंय. कागद जाड आहे, अक्षर वळणदार आहे, आणि एकतीस वर्षांत माझ्या हातून गोळी घ्यायला एकाही रुग्णाने नकार दिला नाही, असं त्यात म्हटलंय. रुग्णाची समजूत घालण्याचं माझं कसब पुढच्या पिढीने घ्यावं, असंही म्हटलंय.

हे खरं आहे. समजूत घालण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आणि मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

पाचव्या रांगेत खांबाजवळ एक बाई बसल्या आहेत. मी त्यांना पत्र घालून बोलावलं. त्यांना वाटलं असेल, जुनी ओळख आहे, सिस्टरचा निरोप आहे, जाऊन यावं. बाई कसल्या, माझ्या लेखी ती मुलगीच आहे. नऊ वर्षांपूर्वी तिचे वडील आपल्या वॉर्डात वारले. त्यांच्या मृत्यूबद्दल या रुग्णालयाने तिला जे सांगितलं ते खोटं होतं. त्या खोट्यावर माझी सही आहे. खरं काय ते आज मी तिला सांगणार आहे. आज सकाळी मी ते लेखी अधीक्षकसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, आधी कार्यक्रम पार पडू द्या, मग शांतपणे बघू. मी कागद ड्रॉवरमध्ये जाताना पाहिला. त्या ड्रॉवरला मी एकतीस वर्षं ओळखते. म्हणून मी माईकवर बोलते आहे.

तिचे वडील पेशाने शिंपी. वॉर्डात सगळे त्यांना टेलरकाका म्हणायचे. आपल्या चादरींना ठिगळं त्यांनीच लावली, माझ्या एप्रनची बटणंही त्यांनीच. बारा वर्षं ते इथे होते. त्यांना आवाज ऐकू यायचे, पण पुढेपुढे ते आवाजही कंटाळून थकले होते. डॉक्टरांनी त्यांना एक औषध सुरू केलं होतं. पंचवीस मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, रोज नाश्त्यानंतर.

आपल्याकडे सकाळी औषधं कशी दिली जातात हे पाहुण्यांना माहीत नसेल. बासष्ट रुग्ण, दोन सिस्टर, अर्धा तास. कागदी कपात गोळ्या, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास. गोळी तोंडात, पाणी, मग 'आ' करायचं, जीभ वर करायची, पुढचा. हातात नावाचे पट्टे टिकत नाहीत, रुग्ण ते दातांनी तोडतात. तेव्हा चेहरा हीच ओळख. आणि रांग थांबली की नाश्त्याची भांडी थांबतात, मावशी ओरडतात, डॉक्टरांचा राउंड अडतो.

रुग्ण पुष्कळदा म्हणतात, ही माझी गोळी नाही. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात पेशंट असं म्हणाला की सिस्टर थांबते, पाकीट बघते. इथे आम्ही काय करतो? आम्ही लिहितो, 'रुग्ण संशयी आहे.' आणि समजूत घालतो. माझं एक वाक्य ठरलेलं होतं. "काका, कंपनी बदलली, औषध तेच." हे बहुतेक वेळा खरंही असतं. पुरवठादार बदलतो, गोळीचा रंग बदलतो, आकार बदलतो. दहातल्या नऊ वेळा ते वाक्य खरं असायचं, म्हणून दहाव्या वेळी ते तोंडातून आपोआप यायचं.

त्या सोमवारी टेलरकाकांनी गोळी तळहातावर घेतली आणि उजेडात धरली. म्हणाले, "सिस्टर, ही शुभ्र आहे. माझी मोतिया असते." मी हसले. शिंप्याच्या नजरेचं कौतुक वाटलं मला. आम्हा बाकीच्यांना दोन्ही पांढऱ्याच. मी माझं वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "मधोमध रेघही नाही हिला." मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नाही का, काका?" बस, एवढं म्हटलं की ते कधी पुढे बोलत नसत. त्यांनी गोळ्या घेतल्या, 'आ' केलं, जीभ वर केली.

त्या शंभर मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या. पंचवीसच्या संपल्या होत्या, म्हणून औषधभांडाराने शंभरच्या पाठवल्या आणि मागणीवहीत तसं स्वच्छ अक्षरात लिहिलं, डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्यावा. खोका कपाटात गेला, वही ड्रॉवरमध्ये. वहीवर सही माझी, न वाचता केलेली. सही करायला वेळ असतो, वाचायला नसतो, हे समोर बसलेल्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक आहे. पण वही वाचली नाही हे माझं दुःख नाही. वाचायची गरजच नव्हती. माणूस तोंडाने सांगत होता.

मंगळवारी ते जेवणाच्या टेबलावर झोपले. बुधवारी उशी लाळेने भिजली होती. मी नोंद केली, 'रुग्ण शांत आहे, सहकार्य करतो.' आपल्याकडे माणूस गप्प झाला की आपण खूश होतो. बुधवारी त्यांनी गोळीकडे पाहिलंही नाही, तेव्हा मला वाटलं, चला, समजूत पटली. गुरुवारी नाश्त्यानंतर ते हात धुवायच्या रांगेत उभे होते, तिथेच कोसळले. दुपारी गेले.

साहेब, चिठ्ठी मिळाली. वेळ झाली हे मलाही कळतंय. एकतीस वर्षांत मी वेळ चुकवलेली नाही, आज थोडी चुकवते.

मी कपाट उघडलं आणि खोक्यावरचा आकडा पाहिला. तो खोका मी स्वतः चौकशी समितीसमोर ठेवला. समितीतल्या मोठ्या साहेबांनी तो पाहिला आणि बाजूला सारला. मग मला विचारलं, या रुग्णाकडे कधी लपवलेल्या गोळ्या सापडल्या होत्या का? सापडल्या होत्या. सदऱ्याच्या कॉलरच्या शिवणीत, दोन गोळ्या, सुबक टाका घालून ठेवलेल्या. पण ती सात वर्षांपूर्वीची गोष्ट होती. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "तारखेचं नंतर बघू, तुम्ही पाहिलं तेवढं लिहा." मी लिहिलं. तारीख कोणी बघितली नाही. अहवाल आला, रुग्णाने गोळ्या साठवून एकदम घेतल्या. खाली साक्षीदार म्हणून मी.

का केली सही? आपलेच दात, आपलेच ओठ, असं मी स्वतःला सांगितलं. त्या चार दिवसांत दोन दिवस एक नवी सिस्टर गोळ्या देत होती, तिची नोकरी जाईल, असंही सांगितलं. इतकी वर्षं मी तिचं नाव पुढे करून झोपत आले. वाचवलं मी मलाच.

काका गेले त्याआधीच्या रविवारी ही मुलगी वडिलांना भेटायला आली होती. तेव्हा तिच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ होतं. काका म्हणाले, मला घरी ने. ती म्हणाली, बाबा, आत्ता नाही जमणार, पुढच्या वर्षी बघू. यात तिचं काय चुकलं? काही नाही. पण चार दिवसांनी वडील गेले, आणि अहवाल आल्यावर आम्ही तिला सांगितलं की त्यांनी गोळ्या साठवून घेतल्या. आता तिने काय समजायचं?

दोन महिन्यांपूर्वी ती मला भाजीच्या दुकानात भेटली. तिने मला ओळखलं. पिशवी खाली ठेवून म्हणाली, "सिस्टर, त्या दिवशी मी 'नेते' म्हणाले असते, तर बाबा राहिले असते ना?" नऊ वर्षं ती हा हिशेब मांडत बसली आहे. आणि मी काय केलं? पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस गं. तिथेसुद्धा मी समजूतच घातली.

काका गेल्यावर मी काहीच केलं नाही असंही नाही. वरातीमागून घोडं नाचवलं. नियम करून घेतला की रुग्ण 'ही माझी नाही' म्हणाला की हात थांबवायचा, पाकीट त्याच्यासमोर वाचायचं, आणि मगच द्यायची. नियम का हवा हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही, मग तो कोणाला पटणार? त्याचा झाला एक रकाना. 'रुग्णाने शंका घेतली का?' सहा महिन्यांनी मी तक्ते तपासले. एक तारखेलाच महिनाभराचे 'नाही' लिहून ठेवलेले होते, एकाच पेनाने. घरी सोडलेल्या रुग्णानेही शंका घेतली नव्हती. पुन्हा शिकवलं, पुन्हा बैठक घेतली, पंधरा दिवस सगळं नीट चाललं, मग येरे माझ्या मागल्या. मी रागावले नाही. बासष्ट माणसं आणि अर्धा तास, हे कोणी बदललं नव्हतं.

गेल्या आठवड्यात एक शिकाऊ सिस्टर एका आजोबांना गोळी देत होती. ते म्हणाले, माझ्या दोन असतात, ही तिसरी कसली? ती गोड हसली आणि माझंच वाक्य म्हणाली, माझ्याच सुरात. मी धावत गेले, कप हिसकावला, तक्ता उघडला. गोळी बरोबर होती. डॉक्टरांनी आदल्या दिवशी वाढवली होती. ती म्हणाली, "बघा सिस्टर, उगाच घाबरलात." त्या पोरीला काय शिकवू मी? ती बरोबरच होती. मीही वर्षानुवर्षं बरोबरच होते.

मागच्या रांगेतल्या मंडळींनो, उद्या सकाळी गोळी वेगळी दिसली तर विचारा. तुम्हाला काय उत्तर मिळेल ते मला आत्ताच माहीत आहे. तरी विचारा.

आणि मुली, आता तुझ्याशी बोलते. तुझ्या बाबांनी गोळ्या साठवल्या नव्हत्या. मरायचं त्यांच्या मनातही नव्हतं. रविवारी तू गेल्यावर त्यांनी माझ्याकडे चिंधी मागितली, बाळाला झबलं शिवायचं म्हणून. ते पुढच्या वर्षाची तयारी करत होते. त्यांनी मला सांगितलं की ही गोळी माझी नाही, आणि मी ती त्यांना घ्यायला लावली. ते तुझ्यामुळे गेले नाहीत. माझ्यामुळे गेले.

उठलीस? जा. दाराशी कोण उभं आहे? कडी लावली असेल तर काढा, सवयीने लावलेली असते. तिला वाट द्या. मेट्रन मॅडम, बसा तुम्ही. कोणी तिच्या मागे जायचं नाही, आणि कोणी तिची समजूत घालायची नाही.

अध्यक्षमहाराज, बोलू दिलंत, आभारी आहे. सहकाऱ्यांनी एकतीस वर्षं सोबत केली, त्यांचीही आभारी आहे. बोलण्याच्या ओघात शब्द कमी-जास्त झाला असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पदरात घ्यावं. तिने घ्यावं असं मी म्हणत नाही. नमस्कार.