आधीची सूचना रद्द समजावी

...नाही, आवाज चांगला आहे हा काय माझा गुन्हा झाला? तुम्हाला सांगतो, शहरात जुलाबाची साथ आली, नळाच्या पाण्यातून, आणि आरोग्य खात्याच्या भोंगेवाल्या गाडीत माइक देऊन बसवलं कुणाला, तर मला. सोमवारी साहेबांनी कागद दिला, "पाणी उकळून प्यावे." ओरडलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. मंगळवारी नवा कागद, "पाणी सुरक्षित आहे, मात्र शक्यतो पिऊ नये. आधीची सूचना रद्द समजावी." हे ज्यानं लिहिलं त्याला शाळेत पास कुणी केलं हो? बुधवारी, "पाणी पूर्णपणे सुरक्षित आहे, उकळण्याची गरज नाही, आधीची सूचना रद्द समजावी." म्हटलं, साहेब, एका दिवसात पाणी सुधारलं? तर चष्म्यावरून बघत म्हणतात, "पाण्याचं मला माहीत नाही, कागद सुधारून आलाय."

लोक शहाणे, त्यांनी ऐकणंच सोडलं. पण आमचे आबा... वडील हो माझे, उभा जन्म सरकारी कचेरीत गेला, खात्याचा कागद म्हणजे ब्रह्मवाक्य. बुधवारची सूचना ऐकली आणि माझ्या बायकोनं उकळून ठेवलेलं पाणी मोरीत ओतून नळाचं तांब्याभर प्यायले. गुरुवारी सकाळी सात वेळा आत-बाहेर, डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. खालच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच सलाईन लावा, नाहीतर काही खरं नाही. आणि आबा काय म्हणतात? "साथ आटोक्यात आहे, रुग्णालयात गर्दी करू नये. सकाळीच सांगून गेलेत."

"आबा, तो मीच होतो!"

"आवाज तुझा असेल. मजकूर खात्याचा होता. तुझ्या मनानं तू काय वाट्टेल ते सांगशील."

मग काय, खाली गेलो, गाडी खिडकीखाली लावली, माइक घेतला. "आरोग्य खात्यातर्फे सूचना. तिसऱ्या मजल्यावरील, जुलाब होत असलेल्या ज्येष्ठ नागरिकांनी तात्काळ खाली येऊन सदर वाहनात बसावे. आधीची सूचना रद्द समजावी." आले ना! इस्त्रीचा सदरा घालून, कठड्याला धरत धरत आले. शिवाय समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून आणखी दोन म्हातारे आले, ते आबांपेक्षा आजारी. पाच दिवसांत खात्याची कामाला आलेली एकमेव सूचना ती, आणि ती खात्याची नव्हती.

तीन बाटल्या सलाईन चढल्यावर आबांच्या तोंडावर रंग आला, माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस हलवायचं नाही.

शुक्रवारी साहेब कडाडले, "विनापरवानगी सूचना? खात्याची अब्रू गेली!" म्हणजे अब्रू कुठेतरी होती म्हणायची. लगेच कागद, "तिसऱ्या मजल्यासंबंधीची सूचना रद्द समजावी." रुग्णालयापाशी मी आवाज बारीक केला, तर शेजारी बसलेले साहेब म्हणतात, "मोठ्यानं वाचा."

वाचलं. धावत वॉर्डात गेलो, तर आबा सुई काढून, सदऱ्याची बटणं लावून, पिशवी मांडीवर घेऊन तयार. म्हणतात, "चल घरी. रद्द झालं."

आता साहेबांच्या दारात उभा आहे, रद्द केलेली सूचना रद्द करून मागायला. आतून निरोप आलाय, लेखी अर्ज द्या, सोमवारी बघू.